उचलीच्या कागदावरच्या अटी

दसऱ्याआधी बीडमधल्या धारूर, केज, वडवणीकडे ऊसतोडणीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, वाटली जाते. उचलीला कागद लागतो. दस्तलेखक ‘लिहून घेणार’ म्हणून मजूर जमवणाऱ्या मुकादमाचं नाव घालतो, ‘लिहून देणार’ म्हणून तोडणीवाल्याचं. नावगाव कुणीही लिहील. दस्तलेखकाची कसोटी लागते ती अटींपाशी.

उसाच्या फडावर ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीची, सही मात्र सहसा एकट्या नवऱ्याची. जिने अंधारात उठून भाकरी थापायच्या, दिवसभर मोळ्या वाहायच्या, तिच्या श्रमाची अट तिला न विचारता ठरते. दस्तलेखकाने लेखणी थांबवावी ती इथेच.

मग खाडा. कामावर गेलं नाही की दंड. आजारपण असो, पाळी असो. हा बहुधा तोंडीच ठरतो आणि हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर हिशेबात उगवतो. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुट्टी घेतली तर खाडा पडतो, ही धास्तीही त्या बायकांच्या बोलण्यात होती. कागदावर नसलेली अट अंगावर अशी उमटते.

कायदा काही मुका नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करार मोडला म्हणून लिहिलेला दंड आपोआप पदरात पडत नाही. वाजवी भरपाईच मिळते आणि तीही त्या आकड्याच्या आत. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा आणखी पुढे जातो. माणसाला वेठीला बांधणारा करारच तो रद्दबातल ठरवतो. कर्ज वेठबिगारीचं आहे असं मजुराने म्हटलं, तर ते तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर येते.

म्हणूनच काही ठिकाणी उचल ‘हातउसने’ म्हणून लिहिली जाते. ऊस नाही, टन नाही, हंगाम नाही, नुसतं कर्ज! असा कागद लिहिणं म्हणजे लेखणी भाड्याने देणं.

अट दोन्हीकडून बांधणारी हवी. उचल फेडायची तर टनाचा दरही लिहा. बाकी राहिली तर पुढच्या हंगामाची सक्ती नाही, हेही लिहा. आजारपणाला खाडा नाही, हे तर आधी लिहा.

आणि तोडणीला निघणाऱ्या भावांनो, बायांनो, अंगठा उठवण्याआधी कागद मोठ्याने वाचून घ्या, एक प्रत मागून घ्या आणि ती गावी न ठेवता सोबत न्या.