पावसाळ्यानंतरची भिंत

सार्वजनिक भिंतीवर चित्र काढायचं तर आधी भिंतीला हात लावून बघावं लागतं. तळव्याला गारवा जाणवला, बोटांना पांढरी पूड लागली, की समजायचं, आत ओल आहे आणि लोणा वर येतोय. त्यावर कितीही महागाचा रंग चढवा, एका पावसाळ्यात पोपडे सुटतात. गिलावा नवा असेल तर निदान चार आठवडे थांबायचं. ताज्या सिमेंटमधला क्षार रंग खातो. पन्हळ कुठे गळते, स्कूटर कुठे टेकतात, हे सगळं मी कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी बघते. आमच्या पालघर जिल्ह्यात पाऊस चार महिने भिंती झोडपतो.

उद्घाटनाच्या दिवशी सगळ्याच भिंती देखण्या दिसतात. २०१६ साली शहरांची स्वच्छता जोखणारं स्वच्छ सर्वेक्षण सुरू झालं आणि लहान शहरांतही शाळांच्या कुंपणांवर, पाण्याच्या टाक्यांवर, पुलांच्या खांबांवर भराभर चित्रं आली. काम चौरस फुटाच्या दराने मोजलं जातं. दुसऱ्या वर्षीच्या डागडुजीची तरतूद मला तरी क्वचितच दिसली. चित्रकार निघून जातो, आणि विटलेल्या चित्रासमोर राहायचं रहिवाशांनी. याची मला खरोखर चीड येते.

आमच्याच जिल्ह्यातल्या वारली आदिवासींच्या घरांत भिंतीचं चित्र टिकावं अशी अपेक्षाच नव्हती. लग्न ठरलं की कुडाची भिंत सारवून गेरूने लिंपायची आणि सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने, टोक ठेचलेल्या काडीने चौक लिहायचा. मधोमध पालघट देवी. पुढच्या लग्नाला पुन्हा नवी भिंत, नवा चौक. १९७०च्या दशकात कलावंत भास्कर कुलकर्णींच्या प्रयत्नांतून ही कला कागदावर आली, वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. कागद जपता येतो. भिंत मात्र पुन्हा लिहिणाऱ्या हातांवरच जगते, आणि मी आळीत शोधते ते हे हात.

ते सापडतात रांगोळी काढणाऱ्या बायकांत. ‘आम्हाला चित्रकला येत नाही’ असं म्हणणारी बाई ठिपक्यांची रांगोळी बिनचूक काढते. मोठ्या भिंतीवर आम्ही हेच करतो: सूत मारून चौकोन आखायचे, लहान कागदावरच्या चौकोनातली रेघ मोठ्या चौकोनात उतरवायची. तिला ते सांगावं लागत नाही. अवघड जातं ते उभं राहून काढणं. रांगोळीत मनगट चालतं, भिंतीवर खांदा. म्हणून पहिले दिवस मी फक्त लांब रेघा ओढून घेते, कोपर न टेकता. एकदा खांदा सैल झाला की तिची रेघ माझ्यापेक्षा निर्धास्त पडते.

रंग मोजके ठेवते: गेरूचा तांबडा, पिवडी, पांढरा, काळा. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणून कुणालाही कालवता यावेत असे. खालचे तीन फूट सपाट गेरूचे, कारण चिखल तिथे उडतो आणि तेवढा पट्टा शाळकरी मुलंही पुन्हा रंगवू शकतात. थोर पुरुषांचे चेहरे काढायला मी नकार देते. त्यावरून बैठकीत वाद होतो, आवाज चढतात. पण ज्या चेहऱ्यापुढे लोक हात जोडतात त्याचा गाल ओलीने सुटला तर तो दुरुस्त करायला कुणी धजत नाही, आणि तसाच ठेवणंही कुणाला सोसत नाही. होडी, ताड, मासळीची टोपली नव्याने रंगवायला कुणाची परवानगी लागत नाही.

एका आळीत दसऱ्याच्या आधी, घरोघरी रंग निघतो तेव्हाच, बायका उरलेल्या रंगातून भिंतही करून घेतात. गेल्या वेळी त्यांनी माझा ताड पुसून तिथे आळीतली विहीर काढली. विहिरीचा काठ जाड आहे, रहाट थोडा मोठा झालाय. मला तो भाग ताडापेक्षा भरीव वाटतो. आता त्यांना वरच्या पट्ट्यापर्यंत पोचायचंय. परांची भाड्याने घ्यावी लागेल, तिच्या खर्चाचा अर्ज त्यांनीच नगरपरिषदेत दिला आहे.