हवा कुठून येणार?

यंदा दिवाळी झाली आणि बोरिवलीला थंडी पडू लागली. मुंबईच्या थंडीला बाहेरगावचे लोक हसतात. पण बोरिवलीच्या पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे. पहाटे तिकडून गार वारा येऊ लागला, की आम्हीही स्वेटर शोधू लागतो. मुंबईची थंडी कधीकधी चांगलीच बोचते. सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद आहे.

गेल्या वर्षी आई-बाबा आमच्याकडे राहायला आले. बाबांचे वय आता सत्तरीच्या पुढे गेले आहे. त्यांना गार पाणी सोसत नाही. त्यातच आमचा जुना गिझर गळू लागला. नवा घ्यायचे ठरले. माझी मुलगी वर्तमानपत्रातील जाहिराती कापून घेऊन आली आणि म्हणाली, “आजोबा, यांतला सगळ्यांत चांगला कोणता?”

बाबांनी उत्तर दिले नाही. ते माझ्याकडे पाहू लागले. आम्हां दोघांनाही एकच सकाळ आठवली होती.

त्या गोष्टीला आता वीस वर्षे झाली. तेव्हा आम्ही घाटकोपरला राहत होतो. इमारत जुनी, खोल्या दोन आणि न्हाणीघर चार फूट रुंद, पाच फूट लांब. त्याला वर एक वीतभर रुंदीची खिडकी. मी नववीत होते. धाकटा भाऊ तिसरीत होता. आजी नुकतीच गावाहून आमच्याकडे आली होती. तिचे गुडघे दुखत. गरम पाण्याने अंघोळ केल्यावर तिला बरे वाटे.

आई रोज पहाटे उठून शेगडीवर पाण्याचे मोठे पातेले चढवी. पाणी तापले, की ते फडक्याने धरून न्हाणीघरापर्यंत न्यावे लागे. एकदा भाऊ धावत आला आणि आईला धडकला. उकळते पाणी त्याच्या पावलावर सांडले. पंधरा दिवस तो शाळेत जाऊ शकला नाही. त्या दिवशी बाबांनी ठरवले, “आता पाणी तापवायला काहीतरी साधन घ्यायचेच.”

रविवारी मी बाबांबरोबर दुकानात गेले. दुकानदाराने तीन प्रकार दाखवले. पहिली होती विजेची सळई. ती स्वस्त होती. बादलीत सोडायची आणि बटण दाबायचे. पण बटण चालू असताना कोणी पाण्यात हात घातला, तर विजेचा धक्का बसण्याची भीती. घरात लहान मूल होते, म्हणून बाबांनी सळई नको म्हटले. दुसरा होता विजेचा गिझर. तो दोन हजार वॅटचा होता. आमच्या घरातली वायर फार जुनी होती. इस्त्री आणि पंप एकदम लावले, तरी फ्यूज उडे. गिझर घ्यायचा तर आधी सगळी वायर बदलावी लागणार होती.

तिसरा होता गॅसचा गिझर. दुकानदार म्हणाला, “याला वायरची गरज नाही. पेटवायला दोन सेल पुरतात. नळ सोडला, की आपोआप पेटतो. नळ बंद केला, की विझतो. वीज गेली तरी गरम पाणी मिळणार.”

बाबांना हे फार आवडले. त्यांनी किंमत विचारली, हमी किती वर्षांची ते विचारले, एका मिनिटात किती लिटर पाणी येते तेही विचारले. फक्त एक प्रश्न विचारायचा राहून गेला.

गिझर बसवायला फिटर आला. न्हाणीघर पाहून तो म्हणाला, “साहेब, हा आत नको. बाहेर गॅलरीत लावू. गरम पाण्याची नळी भिंतीतून आत घेऊ.”

बाबा म्हणाले, “त्याला नळी किती लागेल! शिवाय गॅलरीत कपडे वाळत असतात. आतच लावा. खिडकी आहे ना!”

फिटरने मान हलवली. त्याने गिझर आत लावला. मात्र जाताना मला बजावले, “ताई, ही खिडकी कधी बंद करू नका.”

पंधरा दिवस सगळे छान चालले. आजी तर गिझरवर खूश झाली. ती म्हणाली, “गावाकडे आपला तांब्याचा बंब होता. त्यात लाकडे घालायची, फुंकायचे, डोळे चोळायचे. इथे नुसता नळ फिरवला, की पाणी तयार!”

मग जानेवारीतली ती सकाळ आली. गार वारा सुटला होता. न्हाणीघरात शिरले तर खिडकीतून वारा अंगावर येत होता. मी एक जुना टॉवेल घेतला आणि खिडकीत घट्ट कोंबला. दाराला कडी लावली. नळ सोडला. वाफेने न्हाणीघर भरून गेले. फार ऊबदार वाटले. मला अंघोळ करताना गाणे म्हणायची सवय होती. त्या दिवशीही मी गात होते.

थोड्या वेळाने डोके दुखू लागले. मळमळल्यासारखे झाले. मला वाटले, अभ्यासासाठी रात्री जागले म्हणून असे होत असेल. दार उघडावे असे मनात आले, पण पायांत बळ उरले नव्हते. हात कडीपर्यंत पोचला नाही. पुढचे मला काही आठवत नाही.

पुढचे मला आजीने सांगितले. ती बाहेर भाजी निवडत बसली होती. तिने ऐकले, की गाणे थांबले आहे, पण पाणी पडतच आहे. तिने हाक मारली. उत्तर नाही. तिने दारावर थापा मारल्या. उत्तर नाही. मग ती गुडघ्यांचे दुखणे विसरून धावत शेजारी गेली. शेजारचे चाचा वेल्डिंगचे काम करत. त्यांनी खांद्याचे दोन धक्के देऊन कडी तोडली. आत जाताना त्यांनी स्वतःचा श्वास रोखून धरला होता. त्यांनी मला उचलून सरळ गॅलरीत मोकळ्या हवेत आणले. चाचींनी माझ्या अंगावर चादर घातली. चाचांनी आईला ओरडून सांगितले, “भाभी, आधी सिलिंडर बंद करा!”

रुग्णालयात मला ऑक्सिजन लावला. दुपारपर्यंत मी नीट बोलू लागले. बाबा खाटेजवळ खाली मान घालून उभे होते. डॉक्टरांना ते म्हणाले, “पण डॉक्टर, गॅस गळला नव्हता. घरात मुळीच वास येत नव्हता.”

डॉक्टरांनी बाबांना जवळ बसवून घेतले. ते जे म्हणाले, ते मी अजून विसरले नाही.

“सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो,” ते म्हणाले. “तो प्रामुख्याने प्रोपेन आणि ब्युटेन या वायूंचा असतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. तुमचा गॅस गळला नाही, तो जळला. पण पुरता जळला नाही. एक लिटर प्रोपेन वायू पूर्ण जळायला सुमारे २४ लिटर हवा लागते. गिझर तर शेगडीपेक्षा कितीतरी भराभर गॅस जाळतो. एवढ्याशा न्हाणीघरातली हवा त्याला किती वेळ पुरणार? हवा अपुरी पडली, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन आपल्या शरीरभर ऑक्सिजन वाहून नेते. पण ऑक्सिजनपेक्षा ते या वायूला दोनशेपटींहून जास्त घट्ट धरते. मग ऑक्सिजनला जागाच उरत नाही. माणूस बेशुद्ध पडतो. नळ तसाच चालू राहतो आणि नळ चालू म्हणून गिझरही पेटलेलाच राहतो.”

बाबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी मी त्यांना सांगितले, “बाबा, खिडकीत टॉवेल मी कोंबला होता.” ते म्हणाले, “टॉवेल तू कोंबलास, पण गिझर आत मी लावला. नळीचे पैसे वाचवले आणि तुला गमावून बसलो असतो.” बाबांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

घरी आल्यावर आजी माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, “आता माझ्या लक्षात आले. गावाला बंब न्हाणीघरात नव्हताच. तो पडवीत असायचा. माझी सासू सांगायची, विस्तव मोकळ्यावर ठेवावा आणि पाणी आत न्यावे. आम्हांला वाटायचे, धुराने भिंती काळ्या होतात म्हणून सांगते.”

आठ दिवसांनी तोच फिटर पुन्हा आला. गिझर गॅलरीत गेला. लांब नळी भिंतीतून आत आली. कपडे वाळत घालायची दोरी थोडी सरकवावी लागली, एवढेच. पुढे बरीच वर्षे त्या गिझरने आम्हांला गरम पाणी दिले. साधन तेच होते. फक्त त्याची जागा बदलली होती.

मी वाचले, पण सगळेच वाचत नाहीत. गॅस गिझरमुळे न्हाणीघरात माणसे दगावल्याच्या बातम्या मी त्यानंतर अनेकदा वाचल्या. २०२० साली बोरिवलीतून अशी बातमी आली, २०२३ साली घाटकोपरमधून आली. प्रत्येक वेळी मी वर्तमानपत्र बाजूला ठेवते आणि काही वेळ खिडकीपाशी जाऊन उभी राहते.

माझा मामेभाऊ कॅनडात असतो. तिथे हिवाळ्यात तळी गोठतात. बर्फाचा थर चांगला जाड झाला, की हौशी लोक त्यावर छोटा तंबू ठोकतात, बर्फाला भोक पाडतात आणि गळ टाकून मासे पकडत बसतात. मागे एकदा त्याने फोनवर सांगितले, “मित्रांबरोबर मीही जाणार आहे. तंबूत ठेवायला प्रोपेनवर चालणारा छोटा हीटर घ्यायचा आहे. कोणता घेऊ?”

घरात सगळे हसले. मुंबईच्या माणसाला कोणी असा सल्ला विचारतो का! पण मला हसू आले नाही. मला तो तंबू दिसत नव्हता, आमचे न्हाणीघर दिसत होते. मी विचारले, “तंबूत हवा कुठून येणार?”

तो म्हणाला, तंबूला वर आणि खाली झडपा आहेत. हवेतला ऑक्सिजन कमी झाला, की आपोआप बंद होणारे हीटरही मिळतात. मी त्याला सांगितले, “तसलाच घे. पण तेवढ्यावर भरवसा ठेवू नकोस. झडपा उघड्या ठेव. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा मिळते, तीही जवळ ठेव. हीटर चालू ठेवून झोपू नकोस. आणि डोके दुखू लागले, तर कारण शोधत बसू नकोस. आधी बाहेर ये.” कुठे गोठलेले तळे आणि कुठे घाटकोपर! पण बंद जागेतल्या विस्तवाचा नियम दोन्हीकडे एकच आहे.

आता बोरिवलीच्या गिझरविषयी सांगते. आमच्या इमारतीत पाइपने गॅस येतो. पण हा गॅससुद्धा जळायला हवा लागतेच आणि हवा कमी पडली, तर तोही तोच विषारी वायू तयार करतो. आमच्या न्हाणीघराला लागून गॅलरी नाही. म्हणजे गॅसचा गिझर बाहेर लावायची सोय नाही. घरातली वायर मात्र नवी आहे. म्हणून आम्ही विजेचा पंधरा लिटरचा गिझर घ्यायचे ठरवले. मुलीने वहीत हिशोब केला. पंधरा लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला साधारण एक तृतीयांश युनिट वीज लागते. ते काही फार नव्हे. दुकानात आम्ही आयएसआयचे चिन्ह पाहिले. पाणी ठरावीक तापमानाला पोचल्यावर वीज बंद होते ना, हे विचारले. घरी अर्थिंग तपासून घेतले.

फिटर गिझर लावायला आला, तेव्हा बाबा काठी टेकत न्हाणीघराच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “आधी मला सांगा, हवा कुठून येणार?”

फिटर हसला. “आजोबा, हा विजेचा आहे. याला हवा लागत नाही.”

बाबाही हसले. पण जागचे हलले नाहीत. काठी वर करून त्यांनी खिडकीकडे बोट दाखवले आणि म्हणाले, “त्याला लागत नसेल. अंघोळ करणाऱ्याला लागते. ती खिडकी उघडी राहील, अशा बेताने लावा.”