खुंटावरची द्राक्षे

गणपती पोहोचवून आम्ही उभयता ‘तपोवन’ने नाशिकला निघालो, तेव्हा सौ.ने पिशवीत दोन रिकामे डबे घेतले होते. मामांच्या मळ्यातली द्राक्षे भरून आणायला! कसाऱ्याचा घाट चढेपर्यंत ती द्राक्षांच्या लोणच्याची कृती सांगत होती आणि मीही माना डोलावत होतो. दादरच्या चाळीत जन्म काढलेल्या माणसाला द्राक्षे फक्त हातगाडीवर पिकतात एवढेच ठाऊक!

नाशिकहून आग्रा रोडने पिंपळगाव बसवंतकडे जाताना वाटेत ओझर लागते. आज ओझर म्हटले की विमानांचा कारखाना आठवतो. पण या भागातल्या द्राक्षबागांची सुरुवातही याच गावची. १९२५ साली रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी इथे द्राक्षे लावली. पुढे भोकरी गेली, बिनबियांची थॉमसन आली, आणि निफाड-दिंडोरीच्या शिवारात जिकडे पाहावे तिकडे तारांचे मांडव उभे राहिले.

मामांच्या मळ्यात पोचल्यावर सौ.ने पहिला प्रश्न केला, “मामा, घड कुठं आहेत?”

“घड?” मामा हसले. “अगं सूनबाई, अजून छाटणी व्हायचीय. ऑक्टोबरात छाटली की माघ-फाल्गुनात घड. तू आलीस ती पायांच्या दिवसांत.”

पायांच्या दिवसांत म्हणजे काय, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळले.

विहिरीपलीकडच्या एका एकरात नऊ बाय पाच फुटांवर काड्या उभ्या होत्या. पाने लहान, तकतकीत, आपल्या द्राक्षवेलीच्या पानांशी फारसे साम्य नसलेली. पेठ-सुरगाण्याकडची टोळी कामाला लागली होती. एक पोरगा जमिनीपासून हात-दीड हातावर काडी छाटी, चाकूने तिचे डोके मधोमध चिरी. दुसरा दोन डोळ्यांची पक्व काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवी, सालीला साल जुळवी, आणि तिसरा प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळी. हे पाचर कलम. खालच्या काडीला म्हणायचे खुंट. वर थॉमसन, खाली रानवेल! एका कलमाला लागणारा वेळ मी घड्याळ लावून मोजायला गेलो, तर मोजेपर्यंत पोरे तीन वेलींपुढे गेली होती.

“पण मामा, द्राक्षाची काडी सरळ मातीत खोचली तरी मुळं धरते म्हणतात. मग हा उपद्व्याप कशाला?”

मामांनी उत्तर दिले नाही. ते बांधावरून मातीचे एक ढेकूळ घेऊन आले आणि सौ.ला म्हणाले, “घरातलं लिंबू आण.” ढेकळावर लिंबू पिळले, आणि कानाजवळ धरले तर बारीक चुरचुर ऐकू आली. चुनखडी! काळी कसदार म्हणून जिला आपण मुंबईत बसून नावाजतो, तिच्या पोटात हे दडलेले असते.

मामांची पहिली बाग १९८६ची, स्वमुळावरची. दहाएक वर्षे तिने घर चालवले, धाकट्याला शिकवले, मुलीचे लग्न केले. मग विहीर आटू लागली, बोअर घेतले, आणि बोअरचे पाणी खारे निघाले. पानांच्या कडा आधी पिवळ्या पडल्या, मग तपकिरी होऊन करपल्या. खारे पाणी मुळांना नीट ओढता येत नाही आणि जे ओढले जाते त्यातला क्लोराइड पानात साठत जातो. मातीत ओल असून वेल तहानलेली! मामांनी खते घातली, फवारण्या केल्या, एका वर्षी तर सत्यनारायणही घातला. शेवटी बाग तोडली. मामी सांगत होती, त्या रात्री हे जेवले नाहीत.

त्यानंतर त्यांच्या शेतात आला डॉगरिज. हे कुत्र्याचे नाव नव्हे. अमेरिकेत टेक्सास प्रांतात बेल परगण्यात या नावाची जागा आहे, तिथली ही रानवेल. टी. व्ही. मन्सन नावाच्या गृहस्थांनी टेक्सासची राने धुंडाळून असल्या वेली गोळा केल्या. त्यांची गोष्ट मला मामेभावाने सांगितली. तो शेतकी कॉलेजात शिकलेला, आणि शिकलेले बापाला ऐकवण्याची संधी सहसा न सोडणारा! एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या द्राक्षबागा फायलोक्सेरा नावाच्या मुळांवरच्या किडीने उद्ध्वस्त केल्या. कीड अमेरिकेतून गेलेली, म्हणून तिला पुरून उरणारी मुळेही अमेरिकेतलीच हवी होती. पण फ्रान्सच्या चुनखडीच्या जमिनीत बहुतेक अमेरिकी मुळे टिकेनात. तेव्हा १८८७ साली पिएर व्हियाला नावाचे शास्त्रज्ञ चुन्यात तगणाऱ्या वेली शोधत अमेरिकेत गेले, मन्सननी त्यांना टेक्सासच्या वेली दाखवल्या, आणि पुढच्याच वर्षी फ्रेंच सरकारने मन्सनचा गौरव केला. मामांच्या शेतात ती कीड नव्हे; इथे शत्रू मीठ, चुना आणि दुष्काळ. पण सैनिक त्याच रानातले.

डॉगरिज क्लोराइडला मुळाशीच बराचसा अडवतो, सूत्रकृमींना दाद देत नाही, आणि पाणी कमी असले तरी तग धरतो. नव्वदच्या दशकापासून तो महाराष्ट्रभर पसरला. मामांची दुसरी बाग त्याच्यावर उभी राहिली आणि कर्ज फिटले. तेव्हा मामा डॉगरिजविषयी बोलतात ते घरच्या वडील माणसाविषयी बोलावे तसे.

आणि इथेच बापलेकांचे वाजले होते.

माघात नवा एकर लावायचा ठरला, तेव्हा मामेभावाने मातीचा आणि पाण्याचा अहवाल बापापुढे ठेवला. त्यात सोडियम जास्त. डॉगरिज क्लोराइडला अडवतो, पण सोडियम चढलेल्या जमिनीत त्याच्यावरच्या वेलीला पोटॅश कमी पडते आणि पाने पुन्हा करपतात. शिवाय तो अंगाने दांडगा. एप्रिलच्या छाटणीनंतर जेव्हा काडीच्या डोळ्यात पुढच्या वर्षीचा घड घडायचा असतो, तेव्हा हा नुसता पालाच वाढवतो. मग ऑक्टोबरात घड बाळीत जातात, जिरतात. हे मामांनीही पाहिले होते. मुलाने आणला ‘११० आर’. तोही अमेरिकी रानवेलींच्या संकरातूनच झालेला, पण जोमाने बेताचा.

“त्यानं मला वाचवलं,” मामा माझ्याकडे पाहून म्हणाले, “आणि हा म्हणतो, तो नको. बघ त्या काड्या. डॉगरिज असता तर अंगठ्याएवढा झाला असता एव्हाना!”

“अंगठ्याएवढा होऊन घड कुठंयत, दादा?” मामेभाऊ म्हणाला.

दोघेही गप्प झाले. एक एकर उभा करायला लाखांनी पैसा जातो आणि पहिले पीक हाती यायला कलमापासून दीड वर्ष. खुंट चुकला तर तो बदलता येत नाही. वेलच उपटावी लागते. मामांचे वय शहात्तर. चुकले तर सुधारायला वेळ कुणाकडे आहे, हा हिशेब दोघांच्याही मनात असणार.

दुपारी मामा उठून जुन्या बागेत गेले. कलमाच्या काड्या तिथूनच यायच्या होत्या. कुठल्या वेलीला घड भरदार, मणी लांबट, ते त्यांना वेलीगणिक पाठ. टोळीतल्या पोरांना त्यांनी हात लावू दिला नाही. स्वतः कातर घेऊन निवडून काड्या कापल्या, ओल्या गोणपाटात बांधल्या आणि मुलाच्या हातात दिल्या. मग पट्टी बांधणाऱ्या पोराला दटावले, “जोड मातीपासून वर राहू दे. माती लागली की वरची काडी स्वतःची मुळं सोडील, आन् मीठ सरळ वर चढंल. आन् खुंटाची फूट दिसली की खुडा, नाहीतर सगळं रानच होईल.” मामेभाऊ शेजारी उभा राहून ऐकत होता. त्याने या वेळी कॉलेज मधे आणले नाही.

निघताना सौ.च्या एका डब्यात मामीने बेदाणे भरले, दुसऱ्यात शेव.

घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात रात्री फोन वाजला. मामाच बोलत होते. प्रकृती, पाऊस, काही नाही; एकदम म्हणाले, “विहिरीकडच्या ओळीत डोळे फुगलेत रे. सकाळी मी मोजले. चाळीसातले सदतीस.”

मागून मामेभावाचा आवाज आला, “अडतीस, दादा.”