आकाशातील डोळा आणि दारावरची थाप

नोव्हेंबर १९९९ मध्ये ओडिशातील जगतसिंहपूर जिल्ह्यात मदतकार्यासाठी माझी रवानगी झाली, तेव्हा मी शासकीय सेवेत नवखाच होतो. २९ ऑक्टोबर रोजी पारादीपजवळ महाचक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले होते. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर होता. समुद्र कित्येक किलोमीटर आत शिरला होता. मृतांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली. एरसमा भागातील एका गावी धान्यवाटपाच्या रांगेत उभ्या असलेल्या एका वृद्धाने मला विचारले, "बाबू, तुमच्या यंत्राला एवढ्या उंचीवरून ढग दिसला, मग आमचे गाव कसे दिसले नाही?"

मला उत्तर सुचले नाही. वादळ दिसले नव्हते असे नव्हे. उपग्रहाची चित्रे होती, इशाराही दिला गेला होता. परंतु तो ज्या स्वरूपात निघाला त्या स्वरूपात त्या वृद्धाच्या दारापर्यंत पोहोचला नाही. आणि पोहोचता, तरी जायचे कोठे हा प्रश्न उरलाच असता.

पुढे कामानिमित्त हे शास्त्र थोडेफार समजून घेतले. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिर भासणारे इन्सॅट मालिकेतील उपग्रह अवरक्त किरणांच्या साहाय्याने रात्रीही ढगांच्या माथ्याचे तापमान टिपतात. उपग्रहातील कॅमेरा वाऱ्याचा वेग मोजत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. ढगांच्या पट्ट्यांचे वळण, मध्यभागीचा 'डोळा' आणि भोवतालच्या ढगांची शीतलता पाहून तज्ज्ञ वादळाला १ ते ८ या श्रेणीत अर्ध्या अर्ध्या टप्प्याने क्रमांक देतात आणि त्यावरून वेगाचा अंदाज बांधतात. अमेरिकन शास्त्रज्ञ व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेली ही पद्धत आजही प्रचलित आहे. वादळ किनाऱ्याजवळ आले की डॉप्लर रडार जोडीला येते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी शिकलो होतो की, माहितीचे मूल्य तिच्यामुळे बदलणाऱ्या निर्णयात असते. एरसमाने त्या वाक्याचा अर्थ शिकवला. गरीब माणसासाठी घर सोडणे ही खर्चिक गोष्ट आहे. मजुरी बुडते, गुरे मागे राहतात, चोरीचे भय असते. इशारा एकदा खोटा ठरला, तर पुढच्या वेळी तो उंबरठा ओलांडायला धजत नाही. उपग्रह हा खर्च कमी करू शकत नाही. तो प्रशासनालाच उचलावा लागतो.

ओडिशाने तो उचलला. आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण उभे राहिले, निवारे बांधले गेले, गावोगावी स्वयंसेवक तयार झाले. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपालपूरजवळ फायलिन धडकले, तेव्हा त्यापूर्वी सुमारे दहा लाख लोक हलवले गेले होते. मृत्यू काही दहांतच राहिले. मे २०१९ मधील फनीच्या वेळी बारा लाखांहून अधिक लोक सुरक्षित स्थळी नेले गेले.

फनीनंतर पुरी जिल्ह्यात एका वयस्क स्त्रीशी बोललो. ती आधी निघायला तयार नव्हती. मग का आलात, असे विचारता ती म्हणाली, "पोरगा म्हणाला, मावशी, शेळ्याही घेऊन चल. मग आले."

तरीही समाधान मानण्याचे कारण नाही. २०१७ च्या नोव्हेंबर अखेरीस ओखी वादळ दक्षिण टोकाशी फार थोड्या वेळात बळावले. केरळ व तमिळनाडूचे अनेक मच्छीमार आधीच खोल समुद्रात होते. तेथे मोबाइलचा संदेश पोहोचत नाही. कित्येक जण परतलेच नाहीत. चित्र कितीही स्पष्ट असले, तरी ऐकणारा कानच कक्षेबाहेर असेल तर त्याचा काय उपयोग?

आज बैठकांत मोठ्या पडद्यावर वादळाचे पांढरे चक्र फिरताना दिसते. सहकारी वेग, मार्ग, वेळ सांगतात. माझा प्रश्न मात्र ठरलेला असतो: किनाऱ्यावरील शेवटच्या वस्तीत निरोप घेऊन कोण जाणार, आणि शेळ्यांची सोय कोठे केली आहे? काहींना तो विनोद वाटतो. त्या रांगेतील वृद्धाला द्यायचे राहून गेलेले उत्तर मी असे हप्त्याहप्त्याने देत आहे, हे त्यांना सांगत नाही.