चालणाऱ्यांचा डोंगर

इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानातला मॅम टॉर हा डोंगर जेमतेम ५१७ मीटर उंचीचा. सह्याद्री पायाखाली घातलेल्याला त्याचं काय अप्रूप, असं कुणीही म्हणेल. गाडी लावली की पायऱ्या, मग थेट माथ्यापर्यंत फरसबंद वाट. पोरंसोरं, आजी-आजोबा, कुत्री घेऊन निघालेली मंडळी, सगळी थांबत-थांबत वर पोचतात. मला तो आवडतो तो याचसाठी. तो कुणाचीच परीक्षा पाहत नाही.

माथ्याभोवती गवतात बुजलेली प्राचीन तटबंदी आहे. कांस्ययुगाच्या अखेरीस इथे वस्ती होती. घरांसाठी सपाट केलेल्या जागा उतारावर अजून ओळखू येतात. पूर्वेचा कडा मात्र उघडाबोडका. वालुकाश्माच्या थरांमध्ये ठिसूळ शेल. पाणी मुरलं की सगळंच सरकतं. आपल्या घाटातली दरड एका पावसात खाली येते, ही हजारो वर्षं येतेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिच्यावरून रस्ता काढला. तो खचायचा, माणसं डागडुजी करायची, पुन्हा खचायचा. अखेर १९७९ मध्ये वाहनं बंद झाली. आज तिथे डांबर दुभंगलेलं दिसतं, आणि त्या भेगेत थरावर थर: प्रत्येक थर म्हणजे एकेक दुरुस्ती.

उत्तरेला, ईडेल खोऱ्यापलीकडे, किंडर स्काउटचं पठार. शिकारीसाठी राखलेलं ते रान सामान्यांना बंद होतं. २४ एप्रिल १९३२ रोजी, रविवारी, शेकडो जण बंदी मोडून तिथे चढले. त्यांत मँचेस्टरचे तरुण कामगार होते. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला आणि १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. आठवडाभर राबणाऱ्याला सुट्टीच्या दिवशी मोकळा वारा मिळावा, एवढ्याशा मागणीसाठी माणसं गजाआड गेली, हे माथ्यावर उभं राहिलं की मनातून जात नाही.

पण हक्काने आलेली पावलंही माती झिजवतात. माथ्यावरच्या फरशा त्यासाठीच आहेत; खालचे अवशेष त्यांच्यामुळे टिकतात. कुंपण घालून डोंगर राखणं सोपं. लोकांना येऊ देऊन राखायचा, तर चालणाऱ्याने फरशी सोडू नये, आणि झिजलेली वाट कुणीतरी पुन्हा बांधत राहावी. रस्ता सोडून देणं परवडलं. ही वाट सोडून देणं परवडणार नाही.