टेबलाचे पाय

आमच्या घरी येणाऱ्याचं लक्ष खिडकीजवळच्या त्या टेबलाकडे हमखास जातं. "हे असं बुटकं का हो?" परवा शेजारच्या वहिनींनीही विचारलंच. त्यांची सून आता घरून काम करणार आहे, तिच्यासाठी टेबल करायचंय. त्यांना जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते.

मी घरी बसून चार दुकानदारांचे हिशेब बघते. २०१७ च्या जुलैत जी.एस.टी. आला आणि काम वाढलं. दर महिन्याची ११ आणि २० तारीख म्हणजे माझी परीक्षाच! पण बसायचं कुठे? जेवणाच्या टेबलावर. नाश्त्याच्या बश्या उचलल्या की बिलांचे गठ्ठे मांडायचे, साडेबाराला ते आवरून पानं घ्यायची, दुपारी पुन्हा मांडामांड. अगदी भातुकलीच.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली नि ह्यांचं ऑफिस घरी आलं. बंधनं जरा सैल होताच ह्यांनी सुतार बोलावून छान सागवानी टेबल करून घेतलं. ते झोपायच्या खोलीत, खिडकीशी. दार लावलं की सगळं घर चवड्यांवर चालायचं. मी मात्र जेवणाच्या टेबलावरच, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पुढे ह्यांचं ऑफिस सुरू झालं. टेबलावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग साचला. मी आपली होते तिथेच.

मग एका दुपारी आमटीचं पातेलं कलंडलं ते थेट औषधांच्या दुकानाच्या बिलांवर! एकेक कागद पंख्याखाली वाळवला. दुकानदार भला माणूस. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "वहिनी, तुमच्यामागे घरची धावपळ असते. काम दुसरीकडे देऊ का?" ते मात्र मनाला फार लागलं.

रात्री ह्यांना म्हटलं, "ते टेबल मला हवंय."

"घे की. मी कधी नाही म्हटलं?"

खरंच, कधीच नव्हते म्हणाले. मीच मागितलं नव्हतं. त्यामुळे राग कुणावर काढावा, तेही कळेना.

पण टेबल मिळालं तरी सुख कुठलं! चार दिवसांत खांदे भरून आले. टेबल ह्यांच्या उंचीचं, जमिनीपासून तीस इंच. मी पाच फूट एक इंच. खुर्ची उंच करावी तर पाय लोंबकळतात, खाली घ्यावी तर कोपरं वर चढतात. काही दिवस पायांखाली पाट घेतला. मग सुतारमामांना बोलावलं. त्यांनी मला खुर्चीत ताठ बसवलं, पावलं जमिनीवर टेकवायला लावली, हात काटकोनात वाकवायला सांगितले आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घेतलं. म्हणाले, "ताई, पाय तीन इंच कापावे लागतील."

हे दचकलेच. "सागवान कापायचं? उद्या मला लागलं तर?"

सुतारमामांची करवत थांबली. सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काप रे. रोज बसणारी ती आहे. ह्या घरातला ओटा बांधला तेव्हा उंची गवंड्यानं ठरवली, मला कुणी विचारलंसुद्धा नाही. चाळीस वर्षं टाचा उंचावून पोळ्या लाटल्या मी."

पुढे कुणी काही बोललं नाही. करवत चालू झाली.

तर मैत्रिणींनो, टेबल घेण्याआधी मापाची टेप घ्या. मधोमध खण नको, गुडघ्यांवर आपटतो. खण उजव्या बाजूला असावा, आणि एका खणाला कुलूप हवंच. लोकांचे कागद आपल्या भरवशावर असतात. उजव्या हातानं लिहीत असाल तर खिडकी डावीकडे ठेवा, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. खिडकीकडे पाठ करून मात्र बसू नका, पडद्यावर उजेड चमकून डोळे दुखतात. लॅपटॉप उंचावर ठेवावा, पडद्याची वरची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत यावी, आणि टाइप करायला वेगळा कीबोर्ड घ्यावा. कापलेले चार तुकडे मी फेकले नाहीत. फळीच्या चार कोपऱ्यांना ठोकून घेतले, वर दोन जाडजूड दिवाळी अंक ठेवले, की लॅपटॉपची बैठक तयार! खुर्चीवर पैसे वाचवू नका. कमरेला आधार हवा, नाहीतर वाचलेले पैसे डॉक्टरकडे जातात.

औषधांच्या दुकानाचं काम अजून माझ्याकडेच आहे. गेल्या रविवारी हे काही लिहायला त्या टेबलाशी बसले, नि गुडघा आपटला तसे उठले. "तुझं टेबल काही मला सोसत नाही बुवा!" म्हणत वही घेऊन जेवणाच्या टेबलाशी गेले.

मी म्हटलं, "साडेबाराला आवरा हं. पानं घ्यायचीत."