यंत्रांचा जीर्णोद्धार

इंग्लंडास गेलेला आपल्याकडील गृहस्थ लंडनचा टॉवर, थेम्स नदीवरील पूल आणि ब्रिटिश म्यूझियम पाहतो व कृतार्थ होऊन परततो. लंडनच्या यूस्टन स्थानकापासून आगगाडीनें तासाभराच्या आंत असलेल्या ब्लेचली गांवीं तो क्वचितच उतरतो. आमची कन्या व जामात त्याच बाजूस, मिल्टन कीन्स येथें, नोकरीनिमित्त राहतात; त्यामुळें गेल्या उन्हाळ्यांत आम्हांस तो योग आला. बरोबर दहा वर्षांची नात होती. जन्मभर संस्कृत शिकविण्यांत गेलेल्या मनुष्यास जुन्या संगणकांच्या संग्रहालयांत काय कळणार, अशी शंका वाचकांस येईल. पण तेथें जें पाहिलें तें आम्हांस मुळींच परकें वाटलें नाहीं. कां, तें पुढें सांगतों.

स्थानकाबाहेर पडून थोडेंसें चाललें कीं ब्लेचली पार्क लागतें. एक तळें, त्याच्या कांठीं विटांचा जुना वाडा, आणि भोंवतीं युद्धकाळांत घाईनें उभारलेल्या लांकडाच्या व विटांच्या इमारती. दुसऱ्या महायुद्धांत शत्रूचे गुप्त संदेश येथें उलगडले जात. युद्धानंतर या स्थळाचें महत्त्व ओसरलें आणि पुढें तर येथील इमारती पाडण्याचा बेत झाला होता; १९९२ सालीं स्थापन झालेल्या एका न्यासानें त्या वाचविल्या. आवारांतील ‘एच’ इमारतींत २००७ पासून राष्ट्रीय संगणक संग्रहालय आहे. त्याचा कारभार स्वतंत्र आहे. संग्रहालय म्हटलें म्हणजे कांचेच्या कपाटांत मौन धरून बसलेल्या वस्तु डोळ्यांपुढें येतात. येथें मात्र आंत पाऊल टाकतांच यंत्रांचा खडखडाट कानीं पडला आणि तापलेल्या नलिकांची ऊब अंगास लागली.

प्रथम आम्ही ‘कोलोसस’पुढें उभे राहिलों. जर्मन सेनाधिकारी ‘लॉरेन्झ’ नांवाच्या यंत्रानें आपले संदेश गूढ करीत. तें गूढ उकलण्यास साह्य व्हावें म्हणून ब्रिटिश डाकखात्याच्या संशोधनशाळेंतील टॉमी फ्लॉवर्स या अभियंत्यानें कोलोससची योजना केली. पहिलें यंत्र १९४४ च्या फेब्रुवारींत ब्लेचलीस काम करूं लागलें. युद्ध संपेपर्यंत अशीं दहा झालीं. सुधारलेल्या यंत्रांत सुमारें २४०० निर्वात नलिका, म्हणजे व्हॉल्व्ह, होत्या. इतक्या नलिका एकत्र टिकणार नाहींत, असें अनेक जाणत्यांचें मत होतें. त्या वारंवार बंद-चालू केल्या नाहींत तर दीर्घकाळ टिकतात, हा फ्लॉवर्सचा अनुभव शेवटीं खरा ठरला. छिद्रें पाडलेली कागदी फीत कप्प्यांवरून सेकंदास ५००० अक्षरें या वेगानें धांवे आणि प्रकाशाच्या साह्यानें वाचली जाई. युद्ध संपतांच गुप्ततेस्तव बहुतेक यंत्रें मोडून टाकण्यांत आलीं. उरलेल्या दोहोंची १९६० च्या सुमारास तीच गति झाली, आणि आराखडेही अग्नीच्या स्वाधीन झाले.

मग आज पुढें धडधडत असलेलें हें यंत्र कोठून आलें? १९९३ सालीं टोनी सेल नांवाच्या अभियंत्यानें तें पुन्हा घडविण्याचा संकल्प सोडला. हातीं काय, तर १९४५ सालचीं आठ छायाचित्रें, जुन्या अभियंत्यांनीं गुपचूप जपून ठेवलेले विद्युन्मंडलांच्या आकृतींचे कांहीं तुकडे, आणि हयात असलेल्या वृद्धांची स्मृति. छायाचित्रांवरून मापें काढून त्यांनीं सांगाड्याचे आराखडे पुन्हा आंखले. त्याच काळांत जुनीं टेलिफोन-केंद्रें निकालांत निघत होतीं. त्यांतून मूळच्याच जातीचे पुष्कळ सुटे भाग मिळाले. जे मिळाले नाहींत ते हातानें घडविले. फीत वाचणारा भाग युद्धकाळांत ज्यांनीं योजिला होता, त्या अर्नोल्ड लिंच यांनींच अर्धशतकानंतर तो पुन्हा योजण्यास हात दिला. १९९६ सालीं खुद्द फ्लॉवर्सच्या समक्ष यंत्र प्रथम चालू झालें, व २००७ सालीं तें पूर्णत्वास गेलें. त्या वर्षीं त्याची परीक्षाही झाली. जर्मनींतून पाठविलेला एक गूढ संदेश त्यानें सुमारें साडेतीन तासांत सोडविला.

हें सर्व ऐकून नातीनें विचारलें, “आजोबा, जुनीं यंत्रें जर मोडून टाकलीं, तर मग हें खोटें का?”

प्रश्न लहान, पण वर्मीं लागणारा. उत्तर देण्यापूर्वीं आम्ही तिला ‘विच’ नांवाच्या दुसऱ्या यंत्राकडे नेलें. हें यंत्र हार्वेल येथील अणुसंशोधन-केंद्रासाठीं बांधलें गेलें व १९५१ पासून राबूं लागलें. वजन अडीच टन. यांत ८२८ ‘डेकाट्रॉन’ आहेत. डेकाट्रॉन म्हणजे वायु भरलेली कांचेची नळी. तिच्या टोकाशीं दहा स्थानें असून नारिंगी ठिपका ज्या स्थानीं उजळेल तो त्या वेळचा अंक. मनांतल्या मनांत बेरीज करणारा विद्यार्थी ओंठ हलवितो, तसें या यंत्राचें गणित डोळ्यांनीं दिसतें! एका गुणाकारास त्याला पांच ते दहा सेकंद लागत. वेगांत तें माणसाहून फारसें सरस नव्हतें, पण थकत नसे. एका नाताळच्या सुटींत तें किमान दहा दिवस एकटेंच काम करीत राहिलें होतें. १९५७ सालीं तें वुल्व्हरहॅम्प्टनच्या विद्यालयास मिळालें व १९७३ पर्यंत तेथें विद्यार्थ्यांच्या उपयोगीं पडलें. पुढें बर्मिंगहॅमचें संग्रहालय आणि त्यानंतर गुदामाचा अंधार. २००९ पासून तीन वर्षें स्वयंसेवकांनीं त्यावर कष्ट केले आणि २०१२ च्या नोव्हेंबरांत तें पुन्हा गणूं लागलें. येथें धोरण उलट होतें: मूळचा भाग होतां होईल तों तोच राखावयाचा, आणि निरुपाय झाल्यासच नवा बसवावयाचा.

जवळच्या दालनांत १९८१ पासून इंग्लंडच्या शाळांत पसरलेले ‘बीबीसी मायक्रो’ ओळीनें मांडले आहेत, आणि मुलें त्यांवर मोकळेपणानें बोटें चालवितात. असलीं घरगुती यंत्रें दुरुस्त करण्याचा छंद आतां जगभर आहे. वीजपुरवठ्यांतील जुने धारित्र फुटून धूर सोडतात, ते बदलावे लागतात. विजेच्या घटांतील द्रव्य गळून तांब्याच्या रेघा खातें, त्या पुन्हा जोडाव्या लागतात. हरवलेली कळ घरच्या घरीं ओतून किंवा छापून घ्यावी लागते. प्लॅस्टिकचें कवच उन्हानें व काळानें पिंवळें पडतें. त्यास कोणी हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप देऊन उजळवितात, तर कोणी घांसून सरळ नवा रंग देतात. रंग दिल्यानें यंत्र देखणें होतें. पण मूळचा पोत, कारखान्याची खूण, एखाद्या मुलानें कोरलेलें नांव, हें त्याखालीं कायमचें बुजतें.

नातीला आम्हीं दिलेलें उत्तर आमच्या जुन्या व्यवसायांतलें होतें. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. शेंकडों पोथ्या जुळविल्या. कोठें अक्षर गळलेलें, तर कोठें मागाहून घुसडलेलें. डॉ. सुकथनकरादि पंडितांनीं त्यांतून एक पाठ निश्चित केला. परंतु जेथें निश्चय पुरता झाला नाहीं, त्या अक्षरांखालीं नागमोडी रेघ ओढली, आणि टाकलेले पाठ तळटीपेंत जसेच्या तसे ठेवले. त्या रेघेंत सगळी प्रामाणिकता आहे. ‘येथपर्यंत व्यासांचें, येथें आमचा तर्क,’ असें ती वाचकास सांगते. ब्लेचलीचें कोलोसस हें पुनर्निर्माण आहे, असें संग्रहालय उघडपणें सांगतें. म्हणून तें खोटें नव्हे. अस्सल भागांनीं भरलेलें यंत्रही, आपण कोठें हात लाविला हें दुरुस्त करणाऱ्यानें लपविलें, तर खोटें होईल. रंग देणें हें पाप नव्हे. रंग दिल्याची नोंद न ठेवणें हें पाप.

यावरून स्वदेशाची आठवण झाल्याशिवाय राहिली नाहीं. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आपल्या लोकांनीं निर्वात नलिकांचा संगणक स्वतः बांधून १९६० सालीं चालू केला; १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें नांव ‘टिफ्रॅक’ ठेविलें. त्या काळीं ऐन उमेदींत असलेले लोक आतां नव्वदीच्या घरांत असावयाचे. कोलोससला आठ छायाचित्रें पुरलीं, कारण तीं कशाचीं हें सांगणारीं माणसें तेव्हां हयात होतीं. आराखडा जळाला तरी स्मृतीनें भागतें. स्मृति गेली म्हणजे छायाचित्र मुकें होतें.

वाचकांपैकीं अनेकांच्या माळ्यावर वडिलांचा रेडिओ, टंकलेखन-यंत्र किंवा मुलांचा पहिला संगणक धूळ खात असेल. तो दुरुस्त करावयास काढाल, तेव्हां कोणता भाग काढिला, कोणता नवा घातला, केव्हां व कोणाच्या हातून, हें एका चिठ्ठीवर लिहून ती पेटीच्या आंतच ठेवून द्या. आणि तें यंत्र वापरलेलें कोणी वडील माणूस घरांत असेल, तर पेटी उघडण्यापूर्वीं त्याच्यापाशीं घटकाभर बसा.